हाइलच्या किल्ल्यासमोरची इद्दत

३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार

सकाळपासून धूळ. किल्ला गायब!

दुपारी दोन वेळा खिडकीची काच पुसली. आतून पुसून काय होणार, धूळ बाहेर. तरी पुसली. अकरा वर्षं, या अरबी मुलखात आल्यापासून, हा किल्ला माझ्या स्वयंपाकघरासमोर उभा आहे आणि मी कधी त्याच्याकडे धड पाहिलं नाही. भाकरी थापताना डोळे तव्यावर. आज दिसेना तर जीव कासावीस झाला.

इद्दतीत आहे. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. हे गेले त्याला तीन आठवडे होतील. मग बघायला उरलं काय — ही एक खिडकी आणि तो.

४ ऑक्टोबर

दिसला. धूळ बसली. सकाळच्या उन्हात भाजलेल्या भाकरीसारखा रंग.

खाली खडकाची टेकडी, वर मातीच्या भिंती. खडक कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते इथून कळत नाही. दोन टोकांना बुर्ज. भिंतीत बारीक बारीक भोकं — बंदुकीची नळी बाहेर काढायला. वर शिपाई राहायचे म्हणे. दिवसरात्र, पाळीपाळीने. खालच्या वस्तीवर नजर.

मी राजपुरीची. आमच्याकडे किल्ला म्हणजे समुद्रात. होडीने जायचं. यांना किती वेळा म्हटलं, एकदा वर जाऊन येऊ. तर म्हणायचे, "पाण्याशिवाय किल्ला म्हणजे मिठाशिवाय बोंबील! रिटायर झालो की जाऊ सावकाश." शुक्रवारी झोपायचे. आठवडाभर उन्हात काम, झोपणारच.

९ ऑक्टोबर

मुस्तफाभाईंनी शेतावरून यांचं सामान पाठवलं. टोपी, थर्मास, जाड बूट, पातळी बघायची बुडबुड्याची छोटी पट्टी. बूट दारात ठेवले. मग उचलले. मग परत ठेवले.

हे गव्हाच्या शेतावर पाण्याची मोठी यंत्रं बसवायचे. लांबलचक पाईप, चाकांवर फिरतो, मध्ये खुंट. फिरेल तेवढं वर्तुळ हिरवं, बाकी वाळू. मुस्तफाभाई यांचे जोडीदार, मध्य प्रदेशातले; यांना नौशादभाई म्हणायचे. यंत्र बसवताना हे जमिनीत दोन सळ्या रोवायचे आणि एक डोळा मिटून बघायचे. "दोन खुणा एका रेषेत आल्या की तिसरी चुकत नाही." घरी घड्याळ टांगायचं तरी तसंच. एक डोळा मिटून, तोंड वाकडं करून. अफशाँ हसायची. "अब्बू, इट्स जस्ट अ क्लॉक!"

त्याच शेतावर पडले. सकाळची वेळ. छातीत कळ. मी हॉस्पिटलात चेहरा पाहिला. झोपलेलेच वाटले. दुपारी अस्रच्या नमाजनंतर दफन. इथे उशीर करत नाहीत.

१३ ऑक्टोबर

हाशिरचा फोन. मुलगा रास तनुराला रिफायनरीत कामाला आहे, एका कंत्राटदाराकडे. इथून दिवसभराचा रस्ता. पंधरा दिवसांनी येतो.

आज धीर करून विचारलं — कबर कशी आहे? बायकांना कब्रस्तानात जाऊ देत नाहीत इथे. मी कधीच पाहणार नाही. आणि कबरीवर नाव लिहायचंही नाही. उशाशी एक दगड. सगळ्यांना सारखाच.

हाशिर म्हणाला, "भिंतीजवळ आहे अम्मी. गेटच्या डाव्या हाताला. दुपारी सावली येते."

"तूच उतरवलंस ना रे त्यांना?"

"हो अम्मी. मीच."

बरं वाटलं. त्या दिवशी संध्याकाळी घरी आला तेव्हा गुडघ्यापर्यंत माती होती. नखांत माती. मी काही विचारलं नव्हतं. माती बघूनच कळलं होतं.

भिंतीजवळ. सावली. बरं झालं. उन्हात फार राबले.

१८ ऑक्टोबर

जोहराआपा वर आल्या. खालच्या मजल्यावर राहतात, दापोलीच्या. आल्या की वातावरण हलतं. मला खिडकीत बसलेली पाहिलं आणि कमरेवर हात.

"अगो बाय, इद्दतीतली बाई आणि खिडकीत?"

"किल्ला बघते आपा."

"किल्ल्यात कोण होते? शिपाईच ना? शिपाई म्हणजे पुरुषच की!"

दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी मेलेले शिपाई! मला हसू आलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. त्याही हसल्या, मग एकदम डोळ्यांना पदर लावला. जाताना सोलकढीचा डबा ठेवून गेल्या. आमसुलं दापोलीची. वास घेतला आणि बसून राहिले.

१९ ऑक्टोबर

हाशिर आला आहे. आपांचं सांगितलं. म्हणाला, "अम्मी, किल्ला ना-मेहरम, परका पुरुष असला तरी फार म्हातारा आहे. त्याचा पडदा कसला!" अगदी यांच्यासारखं बोलला.

५ नोव्हेंबर

आज मोठी गोष्ट झाली.

अफशाँची शाळेतली सहल किल्ल्यावर गेली होती. नववीची मुलं. मी पाठवणार नव्हते, पण रडकी झाली होती घरात बसून. दुपारी आली ती बोलतच.

"अम्मी, वहाँ इतने छोटे छोटे रूम्स हैं! सोल्जर्स वहीं सोते थे, वहीं नमाज़ पढ़ते थे. और टावर से ना, सब दिखता है. अपनी बिल्डिंग भी दिखी. किचन की विंडो भी!"

"माझी खिडकी?"

"हाँ. और दूसरी साइड पे..."

"काय दुसऱ्या बाजूला?"

"क़ब्रिस्तान. पूरा."

मी गॅस बंद केला.

म्हणजे टेकडीच्या या अंगाला मी, त्या अंगाला हे. आणि मध्ये तो उभा! त्याला दोन्हीकडचं दिसतं. अकरा वर्षं मी त्याला मातीचा ढीग समजत होते.

बायकांना कब्रस्तानाच्या आत जायला मनाई. वरून बघायला कुठे आहे?

६ नोव्हेंबर

रात्रभर तेच डोक्यात. इद्दत संपली की वर जायचं. भिंतीजवळ, गेटच्या डावीकडे. शोधून काढीन. एकदा बघितलं की झालं. मग कुठेही पाठवा.

१४ नोव्हेंबर

कफीलचा, म्हणजे यांना इथे नोकरीवर आणणाऱ्या मालकाचा, माणूस येऊन गेला. दाराबाहेरूनच बोलला, हाशिर आत-बाहेर करत होता. माझा आणि अफशाँचा इकामा, इथे राहायचा परवाना, यांच्या नावावर. हे नाहीत, तर इकामा नाही. हाशिरच्या हुद्द्यावर आईला ठेवून घेता येत नाही. कफील भला माणूस — इद्दत इथेच पुरी करू दे, मग एक्झिट लावू असं म्हणाला. जानेवारीच्या शेवटी. एकदा एक्झिट लागली की गेलोच. मी परत या देशात कशाला आणि कोणाच्या नावावर येणार?

म्हणजे इद्दत संपणं आणि विमान, यांत थोडेसेच दिवस. त्यांत एकदा तरी वर.

हाशिरला सांगितलं. त्याचा चेहरा कसातरी झाला.

"वर चढण आहे अम्मी. तुझे गुडघे..."

"गुडघ्यांचं मी बघते."

"दुरून काय दिसणार? सगळे दगड सारखे."

"तू आहेस ना. तू बोट दाखव. मला बोट दिसलं तरी पुरे."

तो बाहेर जाऊन उभा राहिला जिन्यात. बाप आठवला असेल. मला विषय काढायला नको होता.

१५ नोव्हेंबर

हाशिर सकाळी कब्रस्तानात जाऊन आला. मी विचारलं, फातिहा पढलास? हो म्हणाला. कुठे उभा राहिलास? "झाडापाशी. मधल्या झाडापाशी आहे ना."

भिंतीजवळ म्हणाला होता. झाड भिंतीजवळ असेल.

२८ नोव्हेंबर

पहाटे धुकं! हाइलमध्ये इतकं दाट मी कधी पाहिलं नव्हतं. टेकडी पूर्ण बुडाली. वरच्या भिंती तेवढ्या बाहेर — पाण्यात असल्यासारख्या. अगदी समुद्रातला किल्ला! आता होडी सुटेल आणि नावाडी ओरडेल, असं.

चहा गार झाला हातात. हे असते तर म्हटलं असतं, घ्या, पाणी मागत होतात ना. हे घ्या पाणी.

ऊन आलं, धुकं उतरलं. किल्ला परत जमिनीवर.

१० डिसेंबर

थंडी. यांचा जाड कोट अंगावर घालून बसते.

त्या शिपायांचा विचार करते सारखा. त्यांची घरं कुठे असतील? वरून त्यांना आपापल्या आईचं छप्पर दिसत असेल का? रात्रभर जागायचं, खालचे सगळे झोपलेले. कोणी एकाचं तरी नाव माहीत आहे का कोणाला? अफशाँने प्रोजेक्टसाठी खूप शोधलं. बांधणाऱ्या अमिरांची नावं मिळाली. पहारा देणाऱ्यांची नाहीत.

पण पहारा झाला. भिंती तशाच उभ्या आहेत. नाव नसलं म्हणजे माणूस नव्हता असं नाही.

हे लिहिलं आणि बरं वाटलं. दगडावर नाव नाही याचं मला फार लागत होतं. आमच्या राजपुरीत पाटी असते, तारीख असते. पोरं वाचतात.

२३ डिसेंबर

काही नाही. दिवसभर किल्ला.

६ जानेवारी २०२५, सोमवार

दोन दिवस पाऊस. वाळवंटातला पाऊस म्हणजे पाऊस नाही, कोणी तरी वरून हौद उपडा केला! रस्त्याची नदी. गाड्या अर्ध्या पाण्यात.

किल्ल्याच्या भिंतीवर काळे ओघळ. मातीचाच तो. विरघळेल की काय, अशी भीती वाटते. अल्ला, एवढे दिवस सांभाळलास, अजून थोडे.

८ जानेवारी

डाव्या बुर्जाखालचा भाग सुटला. खिडकीतून दिसतं — मोठा तुकडा गेला आहे. आतली माती ओली, गडद. जखमेसारखी.

९ जानेवारी

अफशाँ शाळेच्या व्हॅनमधून बघून आली. "गेट पे बोर्ड लगा है. क्लोज़्ड. रिपेयर." कधी उघडणार? "लिखा नहीं है अम्मी."

जेवण गेलं नाही.

इद्दत एकोणीस तारखेला संपते. विमान एकोणतीसला आहे.

१३ जानेवारी

माणसं चढली आहेत त्याच्यावर. दोरखंड बांधलेत. माती आणि गवताचा पेंढा कालवतात, हातांनी लिंपतात. हातांनी! आपल्याकडे अंगण सारवतात तशी. एवढ्या उंचीवर. खालून मुंग्या दिसतात.

म्हणजे हा किल्ला एकदा बांधून झाला असं नाहीच. दर मोठ्या पावसानंतर कोणी तरी चढलं, लिंपलं, उतरलं. म्हणून उभा आहे. मी त्याला एकाच राजाचा समजत होते.

जोहराआपा आल्या होत्या. आता त्यासुद्धा माझ्या शेजारी खिडकीत बसतात. "तो निळ्या सदऱ्यातला बघ, काम करीत नाही मेला, नुसता मोबाईल!" शिपाई पुरुष होते ते विसरल्या.

१९ जानेवारी, रविवार

इद्दत पुरी झाली.

आंघोळ केली. नवे कपडे. आपांनी डोक्यावरून पाणी घातलं आणि दोघी रडलो. जिना उतरले.  रस्त्यावर उभी राहिले आणि वर पाहिलं. खिडकीतून दिसायचा त्यापेक्षा केवढा तरी मोठा आहे! मला वाटलं होतं मी त्याला ओळखते.

गेट बंदच.

२३ जानेवारी

हाशिर सुट्टी घेऊन आला. आम्हाला विमानात बसवूनच जाणार. बांधाबांध. अकरा वर्षांचं घर किती लवकर खोक्यांत जातं.

किल्ल्याचं म्हटलं तर, "बंद आहे ना अम्मी." पटकन म्हणाला. सुटका झाल्यासारखा.

मी म्हटलं, उद्या जाऊन विचारू. नाही म्हणाले तर नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

वर जाऊन आले.

नीट लिहिते. पुढे आठवायला.

जुम्म्याच्या नमाजनंतर गेलो, तिघं. गेटवर पहारेकरी. म्हातारा, इथलाच, अंगावर मेंढीच्या कातड्याचा फरवा, समोर कोळशावर गाव्याची, अरबी कॉफीची, किटली. हात हलवला — बंद, बंद. हाशिर मागे फिरायलाच बघत होता. मीच पुढे झाले. माझी अरबी भाजी घेण्यापुरती. म्हटलं, माझा नवरा तिथे कब्रस्तानात. मी बाई, आत जाता येत नाही. बुधवारी खुरूज, म्हणजे एक्झिट, खलास. वरून एकदा बघू दे.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, जमिनीकडे पाहिलं. "अल्ला यरहमह." अल्ला त्यांच्यावर दया करो, म्हणाला. मग किल्ली काढली. "यल्ला. डावीकडे जाऊ नका, माती ओली आहे."

चढण आहेच. गुडघ्यांनी सांगितलं. आत शिरलो आणि एकदम थंडगार. भिंती हातभर जाड. आतल्या खोल्या इतक्या बुटक्या की हाशिर वाकून चालला. छताला झाडांचे ओबडधोबड वासे. एका कोनाड्यात धुराचा काळा डाग — चूल होती म्हणे. मी त्यावर हात ठेवला. बोटाला काजळी लागली! की नुसती माती होती, माहीत नाही. मला काजळीच वाटली. इथे कोणी तरी कोणासाठी तरी भाकरी भाजली.

नमाजाची जागा एवढीशी. दहा माणसं उभी राहिली तर अकराव्याला जागा नाही. भिंतीतल्या भोकांना डोळा लावला. बाहेरून बारीक दिसतात, आतून अख्खा रस्ता दिसतो! बनवणाऱ्याची कमाल. माझी खिडकी दिसली. पडदा अर्धा उघडा. तिथे मी एवढे महिने बसले होते आणि इथून कोणी बघितलं असतं तर दिसले असते.

मग उजव्या बुर्जावर. वारा असा की ओढणी धरून ठेवायला लागली.

दुसरी बाजू.

काय लिहू. लांबच लांब उघडी जमीन. चारी बाजूंनी पांढरी भिंत. आत दगड. ओळीच ओळी. हजारो असतील. एकावर नाव नाही, एक उंच नाही, एक ठेंगणा नाही. मधूनमधून पायवाटा. एका बाजूला झाडं. अलीकडे, भिंतीच्या बाहेर, पाण्याची उंच टाकी. माणूस एकही नाही. एवढी माणसं आणि एवढी शांतता!

मला रडू येईल वाटलं होतं. आलं नाही. तोंडातून सलाम निघाला. सगळ्यांनाच.

मग विचारलं, "कुठे रे?"

हाशिरने हात लांब केला. भिंतीकडे. मग झाडांकडे. मग बोट मध्येच कुठे तरी थांबलं.  

"तिथे अम्मी. दिसली?"

मला सगळे दगड सारखे दिसत होते. त्यालाही सारखेच दिसत होते. मला तेवढं कळलं. पोरगं विसरलं आहे. किती दगड! कोणीही विसरेल.

"दिसली," मी म्हटलं.

त्याने डोळे पुसले. अफशाँ आमच्या दोघांकडे बघत होती.

उतरताना पहारेकऱ्याने गावा दिला. छोट्या पेल्यात, वेलचीचा. आणि खजूर. हाशिरने घेतला नाही.

२५ जानेवारी, शनिवार

मुस्तफाभाई निरोप घ्यायला आले. हाशिर खोकी पाठवायला कार्गोवाल्याकडे गेला होता. दार उघडं ठेवलं, अफशाँला जवळ बसवलं, मी आतल्या दाराशी. ते खुर्चीच्या टोकावर.

चहा घेतला. यांच्या गोष्टी निघाल्या. एकदा वाळूत गाडी रुतली आणि यांनी भजी तळायला घेतली ती गोष्ट. हसलो. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"भाभी, एक बात दिल में रह गई है. हाशिर बेटे का बहुत दुख होता है. इतनी दूर से गाड़ी भगा के आया, और हम लोग मिट्टी दे चुके थे."

मला आधी कळलंच नाही.

"गेट बंद हो गया था. गार्ड ने खोला नहीं, मग़रिब हो रही थी. बाहर दीवार के पास बैठा रहा. मिट्टी में हाथ डाल के. मैं उठाता था, उठता नहीं था. मैंने कहा, चल बेटा, अम्मी के पास चल."

भिंतीजवळ. गेटच्या डाव्या हाताला. सावली.

त्याला तेवढीच जागा माहीत होती.

मी पदर तोंडावर धरला. ते घाबरले. "आपको मालूम नहीं था? माफ़ करना भाभी, मैं समझा..."

मी म्हटलं, मालूम था, भाईसाब. बोलिए. त्यांना कोणी उतरवलं?

"मैंने. मैं और दो लड़के फ़ार्म के." मग त्यांनी हाताने हवेत रेघ काढली. "मैंने सोचा नाम तो लिखना नहीं है, निशानी क्या रखूँ. तो नौशादभाई का ही तरीक़ा किया. सिरहाने खड़ा हुआ, एक आँख बंद की. सामने पानी की टंकी. टंकी के ठीक ऊपर क़िले का वो बुर्ज जो बारिश में नहीं टूटा. बराबर एक सीध में. टंकी की तरफ़ से दो पगडंडी छोड़ के, पहली क़तार. मैं आज भी जाऊँ तो सीधा वहीं पहुँचूँगा. बेटे ने मुझसे कभी पूछा नहीं. मैंने सोचा पूछेगा तो बताऊँगा. अब आप ही बता देना."

ते गेले. चहाचा कप तसाच. अर्धा राहिला होता.

अफशाँ म्हणाली, "अम्मी, भाई झूठ बोला?"

मी म्हटलं, नाही. तो भिंतीजवळ होता. तेवढं खरंच सांगितलं त्याने.

२६ जानेवारी

हाशिरकडे बघते. खोक्यांना चिकटपट्ट्या लावतो आहे. नीट लावतो, दाताने तोडतो. चोवीस वर्षांचा. एवढे महिने दर फोनवर माझ्यासाठी त्या दफनात हजर राहत होता. एकटाच.

सांगायचं कसं? तू नव्हतास हे मला कळलं, असं? ते तर त्याला माझ्यापेक्षा आधी माहीत आहे.

अजून एकदा वर जायचं म्हटलं. त्याने मान डोलावली.

२७ जानेवारी, सोमवार

सकाळी परत गेलो. पहारेकऱ्याने विचारलंच नाही, किल्ली काढली. सुटलेली बाजू लिंपून झाली आहे. नवी माती अजून गडद आहे. वाळली की कळणार नाही.

उजवा बुर्ज. हाशिर शेजारी. न विचारताच त्याने हात लांब केला, भिंतीकडे.

मी एक डोळा मिटला. त्याचं बोट धरलं — पाटीवर गिरवताना धरायचे तसं — आणि सरकवलं. टाकीवर आणलं. टाकीच्या पलीकडे नेलं. पहिली पायवाट. दुसरी. थांबले.

"इथे," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. बोट काढून घेतलं नाही.